गाडी गेली, गोटे राहिले

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो बाप्पा एकदाचे! नेरहून पहाटे निघालेला सामानाचा टेम्पो जेवणाच्या वेळेला बोरखडी फाट्यावर टेकला. एक कुंडी फुटली, बाकी सारं धड. क्वार्टर पाहूनच मी खूश झाले. दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, नळाला चक्क पाणी. समोरून मुकुटबनहून केळापूरकडं जाणारा डांबरी रस्ता आणि रस्त्यापलीकडं फुटलेला कापूस, नुसता पाहत राहावं असा. इथल्या उपकेंद्रात दोन वर्षं सिस्टरच नव्हती. आता मी आहे. आल्या आल्या कोळिष्टकं झाडली, पाटी पुसली, टेबलामागच्या खुर्चीत बसून पाहिलं आणि क्षितिजला फोटो काढायला लावला.

क्षितिजनं केळापूरच्या शाळेत मुद्दाम नोकरी धरली. बायकोच्या बदलीमागं नवरा धावला म्हणून सासूबाई अजून फुगून आहेत. फुगू द्या. लग्नापासून आम्ही शनिवार-रविवारचा संसार केला, आता रोज सांजेला तो घरी येईल आणि आम्ही एका वेळी जेवायला बसू. मला दुसरं काही नको. हेल्मेट तेवढं तो मोटारसायकलच्या आरशाला अडकवून नेतो. मी म्हटलं, डोकं आरशाचं फुटणार आहे की तुझं? हसला. हे हसणं मी महिनाभरात बंद करते.

मदतनीस म्हणून विमलताई आहेत, गावातल्याच. पाटोडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी घेऊन आल्या. रस्सा असा झणझणीत की क्षितिजचं नाक वाहायला लागलं, तरी पठ्ठ्यानं तिसरी भाकर मागितली. बाई मायाळू आहेत, पण बोलताना नजर सारखी रस्त्याकडं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिलं भांडण झालं. व्हायचंच होतं, आल्यापासून गप्प राहिले हेच खूप.

सकाळी कापसानं भरलेला ट्रॅक्टर बरोबर आमच्या दारासमोर बंद पडला. समोरचं शेत ज्यांचं आहे त्या भगवानरावांचा. चालवत होता त्यांचा मुलगा अमर. त्यानं रीतीप्रमाणे चारी बाजूंनी मोठे मोठे गोटे मांडले, मागं पळसाची फांदी खोचली. यात काही चूक नाही, येणाऱ्याला कळायला पाहिजे. दुपारी मिस्त्री आला, ट्रॅक्टर सुरू झाला आणि गडी निघून गेला. गोटे तिथंच! भर रस्त्यात, कोहळ्याएवढे, गाडी नसलेल्या जागेला राखण बसल्यासारखे.

परत येताना मी त्याला अडवलं. तो दात काढून म्हणतो, सारेच सोडते मॅडम, गाडी गेली, गोटे राह्यले, त्यात काय येवढं? ज्याले दिसन तो टाळन. आणि ज्याला नाही दिसणार? तर म्हणे, त्याचं नशीब. नशीब! ठेवायला हात होते आणि उचलायच्या वेळी त्या हातांना मेंदी लागली होती काय? चांगलं खडसावलं. दोन उचलले त्यानं, माझी समजूत काढल्यासारखे, आणि गेला. बाकीचे मी पायानं, हातानं ढकलत रस्त्याकडेच्या नालीपाशी नेले. विमलताईंना हाक मारली तर त्या तोंडाला पदर लावून दारातच उभ्या. एका गोट्याला हात लावला नाही बाईंनी.

दिवे लागायला क्षितिज आला. माझी बोटं सोलली होती, त्यानं हळद लावली.

९ नोव्हेंबर, रविवार

सुटी म्हणून दोघं वळणापर्यंत फिरायला गेलो. वळणावर कडुनिंब आहे, आमच्या खिडकीतून दिसतो. त्याच्याखाली, रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर, शेंदूर फासलेला एक गोटा. झेंडूची माळ, उदबत्तीची राख, आणि चहाचा कप. मारुती असेल म्हणून मी हात जोडले. आम्ही होतो तेवढ्या वेळात जो मोटारसायकलवाला येई तो हँडल सोडून नमस्कार करी. एकानं तर दोन्ही हात सोडले. टाकीवर पोर, मागं बायको, बायकोच्या मांडीवर आणखी एक! मी ओरडले, अरे बावा, घरी पोचून केलेला नमस्कार पण देवाला चालतो! क्षितिजनं मला ओढत घरी आणलं.

सांजेला विमलताईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, मारुती नाई जी, तो माहा ऋतिक हाय.

दोन वर्षांमागं त्यांचा पोरगा मुकुटबनहून दिवेलागणीला घरी येत होता. भगवानरावांचा ट्रॅक्टर त्या वळणावर बंद पडला होता. तो दुरुस्त होऊन गेला होता, गोटे होते. पोराच्या गाडीचं चाक गोट्यावर चढलं आणि पोरगं डोक्यावर पडलं. तेरवीला भगवानराव स्वतः शेंदूर घेऊन आले, तोच गोटा कडुनिंबाखाली मांडला, नारळ फोडला, गावाला जेवण दिलं. सांगितलं, पोट्टा देव झाला.

वा रे वा! मारणारा दगड देव झाला, ठेवणारा भक्त झाला, आणि चूक कोणाचीच राहिली नाही. आईच्या हातात उदबत्ती दिली की ती तक्रार कशी करेल? आणि आता त्या गोट्याला नमस्कार करायला लोक चालत्या गाडीवर हात सोडतात. माझं तर डोकं भणाणून गेलं. मी त्याला हात जोडले होते! घरात येऊन साबणानं हात धुतले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज माणूस पडला. वळणावर, त्याच जागी. मागं म्हातारी आई होती. तिचा हात मोडला, त्याची हनुवटी फाटली. मी हात बांधला, जखम धुऊन पट्टी केली, रुग्णवाहिका बोलावली. तो सारखा एकच सांगत होता, नमस्काराले एक हात सोडला जी, दुसरा हँडलवरच होता, पण कोनीतरी वढलं. मी म्हटलं, तुमच्या अकलेनं ओढलं.

तशीच रक्तानं भरलेल्या ॲप्रनमध्ये भगवानरावांच्या घरी गेले. सत्तरीचा, शांत माणूस. खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितला. मला वाटलं होतं अंगावर येतील, मग मलाही बोलता येईल. पण ते मान खाली घालून ऐकत राहिले. म्हणाले, माह्या हातून झालं मॅडम, मी कुठं नाई म्हनतो? म्हनून त देव मांडला. मी म्हटलं, मग आता उचला, देवळात नेऊन ठेवा. त्यावर म्हणाले, गोटा असता त उचलला असता. शेंदूर लागल्यावर तो गोटा कुठं राह्यते? पाप लागते.

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. चहा न पिता उठून आले.

क्षितिज येईपर्यंत खिडकीशी उभी होते. आज त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं होतं. पट्टीवाला माणूस त्याला वाटेत दिसला म्हणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

गोटा हलला आहे. गेल्या रविवारी पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर होता, आज पट्ट्याच्या आत, डांबरावर आहे. अमरचंच काम! मी बापाशी बोलले त्याचा डूख धरला असणार. त्याला रस्त्यातच गाठलं. तर त्यानं कानाला हात लावले. म्हणतो, शेंदराच्या गोट्याले हात लावाले मले काय मरायचं हाय मॅडम? चेहरा खरा वाटला.

मग मी उपकेंद्रातून चुना नेला आणि गोट्याभोवती रेघ ओढली. आता हलव बेट्या, कोण हलवतो ते पाहते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी धुकं होतं. क्षितिजला वळणापर्यंत चालत पोचवायला गेले, गाडी त्यानं हातानं ढकलत नेली, माझ्या हट्टापायी. गोटा रेघेच्या बाहेर. माझी रेघ जशीच्या तशी, कुठं पुसली नाही, ओरखडा नाही. सारा रस्ता दवानं ओला होता आणि रेघेच्या आत एक गोल कोरडा.

विमलताई तिथंच बसल्या होत्या. गोट्यापुढं चहाचा कप, वाफ निघत होती. त्या बोलत होत्या, मध्येच थांबून ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मी रागानंच विचारलं, हा पुढं कोणी सरकवला? त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाल्या, कोन सरकवन बाई? त्याले एकट्याले करमत नाई. संगत मांगून राह्यला.

मला बोलायचं होतं. लोकांचे हातपाय मोडतात इथं, उठा, घरी चला, असं सारं मनात आलं. तेवढ्यात कपातला चहा पाहिला. अर्धा झाला होता.

२१ नोव्हेंबर

अमर गेला.

भर दुपारी, लख्ख उन्हात. कापूस वेचणाऱ्या बायांसाठी पाण्याची कॅन घेऊन मोटारसायकलवर निघाला होता. मी उपकेंद्राच्या खिडकीत होते, लसीची पेटी पुसत. वळणावर आला, हात कपाळाला नेला. गोटा त्याच्या डावीकडं होता. मग चाकापुढं होता. मी डोळे मिटले नव्हते. मी सिस्टर आहे, पाहिलेलं लिहिते. डावीकडं होता आणि मग चाकापुढं होता.

गाडी आमच्या दारापर्यंत फरफटत आली आणि त्याचं डोकं नालीपाशी आपटलं, मी त्या दिवशी ढकलून ठेवलेल्या गोट्यांवर. त्याचेच गोटे, त्याच्याच ट्रॅक्टरचे. माझ्या मांडीवर गेला. काहीतरी सांगत होता, कळलं नाही.

भगवानराव अनवाणी धावत आले. मी त्यांच्यावर ओरडले. पोराचं प्रेत समोर असताना ओरडले, आता तरी उचला! त्यांनी माझे पाय धरले.

३ डिसेंबर

अमरची तेरवी. मला वाटलं होतं, आता हा माणूस शहाणा होईल. स्वतःचं पोरगं गेलं! आज सकाळी ते वळणावर आले ते शेंदराची वाटी घेऊनच. अमरचं डोकं ज्यावर आपटलं तो गोटा नालीपासून उचलून त्यांनी ऋतिकच्या शेजारी मांडला. डांबरावर. मी धावत गेले, म्हटलं, भगवानराव, अहो काय करता हे, कमीत कमी रस्त्याच्या खाली तरी ठेवा! ते म्हणाले, मॅडम, तो म्हनते इथंच ठेवा.

आणि त्यांनी गोट्याला कान लावला. एवढा मोठा माणूस, रस्त्यावर आडवा पडून. मग उठून गड्याला म्हणाले, पानी आन रे, तहान लागली म्हनते.

सारं गाव हात जोडून उभं होतं. एकालाही राग आला नाही. मला काहून येतो मग एकटीलाच? मीच वेडी का?

५ डिसेंबर

दुपारी पहार घेऊन गेले. ठरवूनच. दोन्ही गोटे उचलायचे आणि नाल्यात टाकायचे, मग पाप लागो की आणखी काही. लोक पारावरून पाहत होते. अडवलं कोणी नाही, मदतीलाही कोणी उठलं नाही.

पहारीनं ऋतिकचा गोटा मोकळा केला आणि दोन्ही हातांनी उचलला. विमलताई आल्या, रस्त्यावरच आडव्या पडल्या. म्हणाल्या, एकडाव मेला माहा पोट्टा, आता तुमी नका मारू जी. मी गोटा खाली ठेवला.

गावात सांगतात, सिस्टरबाईला दया आली. क्षितिजलाही मी तेच सांगितलं. इथं खरं लिहिते. गोटा गरम होता. उन्हाचा नाही, तापलेल्या पोराच्या अंगासारखा. आणि तो उचलल्यावर माझ्या छातीशी आतून श्वास घेत होता. मी घाबरले. दया-बिया काही नाही.

क्षितिजकडून वचन घेतलं. मोटारसायकल बंद. उद्यापासून एसटी. तो आधी हसला, मग माझं तोंड पाहून हो म्हणाला. किल्ली मी डाळीच्या डब्यात टाकली.

९ डिसेंबर

एसटीनं येतो. उशीर होतो, पण येतो. ड्रायव्हर वळणावर गाडी हळू करतो आणि गोट्यांना वळसा घालतो. दोन्ही गोटे आता रस्त्याच्या मध्यावर आहेत. दोघांच्या मध्ये जागा सोडली आहे. एका गोट्याची.

विमलताई मला म्हणाल्या, तुमी कायले चिडता बाई? मले रोज भेटते तो. तुमाले नाई समजनार.

नको समजायला. रविवारी क्षितिज शाळेतल्या दोघांना आणि जेसीबी घेऊन येणार आहे. त्यानं बोलणं केलं आहे. रविवारपर्यंत फक्त.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी फोन. सांजेची एसटी रद्द. मी म्हटलं, तिथंच राहा, शाळेत झोप, कोणाच्याही घरी झोप. तो म्हणाला, एका सरांची मोटारसायकल मिळते आहे, उजेड आहे तोवर पोचतो. मी ओरडले. हेल्मेट? सरांकडं नाही म्हणे. मी किती ओरडले! तो म्हणाला, भैरवी, हळू येतो, वळणावर उतरून गाडी ढकलत आणतो, शप्पथ. आणि ठेवला. आता उचलत नाही.

बॅटरी घेतली आहे. लाल ओढणी घेतली आहे. वळणावर जाऊन गोट्यांपुढं उभी राहते, म्हणजे त्याला लांबूनच दिसेन. ऊन अजून आहे —

१४ डिसेंबर

त्यानं मला पाहिलं.

ओढणी हलवत होते. बॅटरी हलवत होते. त्याला दिसलं. गाडी हळूच होती, शप्पथ मोडली नाही त्यानं, उतरायलाच आला होता. मला धीर द्यायला त्यानं हात वर केला. दिसली, दिसली, असा. एक हात. मला. गोट्याला नाही, मला —

गोटे माझ्या मागं होते. मग नव्हते.

२० डिसेंबर

सासूबाई आल्या आहेत.

जेसीबी आलाच नाही. ज्यांनी आणायचा होता ते सर तिरडीला खांदा द्यायला आले होते. मी त्यांना विचारलं, जेसीबी कुठं आहे? ते रडायला लागले. कायले रडता? उचला ना! इतके लोक आले, चारचाकी, दोनचाकी, सारे वळणावरून वळसा घालून आले. उतरून एकानंही —

इतका राग आहे की दात दुखतात.

२४ डिसेंबर

तेरवी.

भगवानराव आले. शेंदूर, तेल, नारळ. म्हणाले, बाई, आपन आता एकाच घरचे. क्षितिजचं डोकं ज्यावर — तो कडेचा, तिसराच गोटा त्यांनी धुऊन आणला होता. टॉवेलात. लहान मुलाला धरतात तसा.

मी ताट उडवलं. शेंदूर साऱ्या अंगणात. त्यांना नको नको ते बोलले. विमलताईंनाही बोलले. म्हटलं, मी मेले तरी फासणार नाही. तुमच्या पोरांना तुम्हीच मारलंत आणि देव करून गप्प बसलात, मी बसणार नाही. रस्ता मोकळा करून दाखवते. उद्याच. एकटीनं.

त्या दोघांना राग आला नाही. भगवानराव गोटा ओट्यावर ठेवून गेले.

२५ डिसेंबर

सकाळी ओट्यावर गोटा नव्हता. वळणावर होता. दोघांच्या मधल्या जागेत. शेंदूर लावलेला, ओला.

सासूबाईंना विचारलं. त्या माझ्या हातांकडं पाहत राहिल्या.

माझ्या नखांत शेंदूर आहे. धुतलं. साबण, राख, स्पिरिट. जात नाही. अंगणातला सांडलेला असेल. झाडताना लागला असेल. मी झाडलंच नाही —

२६ डिसेंबर

सासूबाई नेरला गेल्या.

पहार घेऊन गेले. वाकले. हात लावायच्या आधीच तो म्हणाला, भैरवी, आज भाजी काय केली?

त्याचाच आवाज. तस्साच. बूट काढता काढता विचारायचा तसा.

पहार तिथंच पडली. मी सांगितलं. आलू-वांगं.

२७ डिसेंबर, सांज

डबा घेऊन आले. इथंच बसले आहे, रस्त्यावर, वही मांडीवर. विमलताई पलीकडं बसल्या आहेत. भगवानराव पाणी घेऊन येऊन गेले. कोणी काही बोलत नाही, आणि मला चालतं. आम्ही जेवलो. तो बोलतो. शाळेतलं, त्या सरांचं, पोरांचं. आठ वर्षांत इतकं कधी बोलला नाही.

मले माहीत आहे हे काय आहे. मी मूर्ख नाही. हा गोटा आहे. भर रस्त्यात आहे. उचलायला पायजे. माझा राग कुठं गेला? शोधते, सापडत नाही. मी त्याला म्हटलं, तुला खाली घेते, निंबापाशी, तिथं पण येत जाईन. तो म्हणाला, तिकडं नेलं त बोलता नाई येनार. तो असं कधी बोलत नव्हता. ऋतिक बोलत असेल तसं —

मुकुटबनकडून गाडी येते आहे. एकच दिवा. हळू नाही.

नवरा-बायको आहेत. हेल्मेट नाही. बाईच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी आहे. मी एकीला लेकराच्या लसीसाठी बोलावलं होतं तीच असेल, लेकरू महिन्याचं. ओरडले तर ऐकू जाणार नाही. उचलायचाच. वेळ आहे अजून. निंबाच्या अलीकडं आले. विमलताई, उठा! त्या हसून राह्यल्या.

त्यानं नमस्काराला हात उचलला.

उठते. दोन्ही हात लागतात, वही खाली ठेवते. ठेवतेच आहे. क्षितिज काहीतरी सांगून राह्यला, तेवढं एक वाक्य होऊ दे, मग लगेच —